सिल्वीचे बारा महिने

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारपासून एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत मी वाचनालयाच्या तळघरात बसून लोकांचे आयकराचे अर्ज भरून देते. फुकट. यंदा बारावं वर्ष. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "वर्ना, तीस वर्षं कागदाच्या गिरणीत पगारपत्रकं केलीस, अजून पोट भरलं नाही का तुझं?" नाही भरलं. आता तर मुळीच नाही. वर्षातले हे अडीच महिने माझ्या टेबलाच्या पलीकडे कुणीतरी माणूस बसलेलं असतं. बाकीचे साडेनऊ महिने पलीकडे नुसती खुर्ची असते.

आणि इथं मला विचारायचा हक्क असतो. आमच्या या उत्तरेकडच्या मिशिगनमध्ये लोक न सांगता तुमच्या दारातला बर्फ उपसून देतील, पण घरात काय चाललंय ते विचारणार नाहीत. शेजाऱ्याची बायको निघून गेली तर ते आम्हाला तिची गाडी दोन हिवाळे दिसली नाही की कळतं. मी मात्र थेट विचारते. लग्न झालंय का? नवरा सोबत राहतो का? पोरं किती, वर्षातले किती महिने तुमच्या घरी होती? अर्जच विचारतो, त्याला मी काय करू! आणि माणसं सांगतात. शेजाऱ्याला जे सांगणार नाहीत ते सगळं सांगतात, कारण त्यावर परतावा अवलंबून असतो.

मुलं असलेल्या, कमी पगाराच्या माणसांना आमचं सरकार कर तर सोडतंच, वर पैसेही देतं. आमच्या गावात गिरणी बंद पडल्यापासून निम्म्या घरांचे टायर, दात आणि थकलेली भाडी या फेब्रुवारीच्या पैशांवर निघतात. म्हणून ऐन थंडीत तळघराच्या जिन्यावर रांग लागते आणि खाली ओल्या बुटांचा वास भरून राहतो.

ब्रेना हेक्कला मागल्या वर्षी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आली. सत्तावीस वर्षांची, उंच, खांदे पाडून चालणारी. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला आणि लोखंडी सामानाच्या दुकानाच्या वर एका खोलीत भाड्यानं. एवढं मला तिच्या कागदांवरूनच कळलं. आल्या आल्या सगळ्यांना एक प्रश्नपत्रिका भरावी लागते. तिनं ती माझ्यापुढं ठेवली आणि हातमोजे मांडीवर घेऊन बसली.

दुसऱ्या पानावर एक तक्ता असतो, घरात सोबत राहणाऱ्यांची नावं लिहायला. त्यात पहिल्याच ओळीत काहीतरी लिहून खोडलं होतं. इतकं खोडलं होतं की तिथं कागदाला भोक पडलं होतं.

"हे काय?" मी म्हटलं. "असला फाटका कागद मला चालत नाही. नवा घे आणि नीट भर."

"नवा कशाला? तिथं कुणी नाहीये."

"मग लिहिलं कशाला?"

"चुकून."

"भोकाच्या कडेला उरलेलं आडनाव तुझंच दिसतंय. स्वतःच्या पोराचं नाव कुणी चुकून लिहितं का, बाई?"

माझ्या नाकावर राग असतो हे गावाला माहीत आहे, आणि जिभेला हाड नाही हेही. पण ती पोर माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच खाली बघावं लागलं. मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

"ती एकोणीस तास होती," ब्रेना म्हणाली. "ऑगस्टमध्ये. घरी आलीच नाही. मग ती घरात राहत होती असं कसं लिहिणार? आधी लिहिलं, मग म्हटलं, हा खोटेपणा होईल."

मी पेन खाली ठेवलं. दर जानेवारीत आम्हा स्वयंसेवकांची परीक्षा असते, आणि तिच्यात एक प्रश्न ठरलेला असतो. मूल जन्मून त्याच वर्षी वारलं तर काय लिहायचं? आम्ही सगळे योग्य उत्तरावर खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. इतक्या वर्षांत ते उत्तर मला प्रत्यक्षात कधी लागलं नव्हतं.

"खोटेपणा नाही होत," मी म्हटलं. "नियमच तसा आहे. मूल जिवंत जन्माला आलं, मग ते तासभर जगो की दिवसभर, त्या वर्षी ते बाराही महिने आईजवळ राहिलं असं धरायचं. दवाखान्यातच राहिलं असलं तरी."

"बारा?"

"बारा."

"कुणी बनवला असला नियम?"

"मला काय ठाऊक. कुणीतरी शहाण्यानं."

ती जराशी पुढे सरकली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. मी मुलीचं नाव विचारलं. सिल्वी मरी. मरी हे तिच्या आजीचं. जन्मतारीख विचारली. मग सरकार इथं प्रत्येकाला देतं तो सोशल सिक्युरिटी नंबर विचारला.

"तो नाहीये. दवाखान्यात एक बाई फळीवर कागद लावून आली होती. बाळासाठी नंबर हवा का, म्हणाली. मी नको म्हटलं. तोवर डॉक्टर सांगून गेले होते ना. म्हटलं, तिला कशाला लागेल नंबर?"

"हरकत नाही. नंबर नसला तरी चालतं. पण ती जिवंत जन्मली होती असं दाखवणारा एक कागद जोडावा लागेल. जन्माचा दाखला आहे?"

तिनं पाकीट काढलं. पाकिटातून एक जाड कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं, हातात मात्र दिलं नाही. त्यावर शाईत उमटवलेली दोन पावलं होती, माझ्या अंगठ्याएवढी.

"हे चालेल?"

"नाही गं," मी म्हटलं. आयुष्यात मी गिरणीतल्या माणसांना हजार वेळा नाही म्हटलंय, पण हे नाही मी कार्डाकडे न बघता म्हटलं. "सरकारी दाखला लागतो. जिल्हा कचेरीत मिळतो."

"तो मी घेतलाच नाही. पैसे भरा आणि प्रत घ्या, म्हणाले होते. प्रत घेऊन करायचं काय? मागणार कोण?"

इथंच मी चूक केली. तिला धीर यावा म्हणून मी टेबलावरच्या संगणकाच्या मशीनमध्ये सिल्वीचं नाव घातलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. आधी तिथं परताव्याचा आकडा एकसष्ट डॉलर होता. नाव घातल्याबरोबर तो झाला सहा हजार सहाशे आणि वर काही. एरवी हा आकडा वर चढताना बघून माणसं हसतात, एखादा तर टेबलावर थाप मारतो. ब्रेनानं हातमोजे घालायला सुरुवात केली.

"म्हणजे ती गेली म्हणून मला सहा हजार मिळणार?"

"ती गेली म्हणून नाही. ती आली म्हणून."

"माझी आई म्हणते, पहिली खेप धरायचीच नाही. कामावर तीन दिवस सुट्टी दिली, तीही बिनपगारी. तिचा बाप तिकडं मिनेसोटात गेला, त्यानं तर विचारलंही नाही, मुलगा की मुलगी. कुणीच धरली नाही तिला. आणि आता पैसे मिळतात म्हटल्यावर मी धरू? नको. एकसष्टवालाच पाठवा."

"तो मी पाठवणार नाही."

"का?"

"जो अर्ज खरा नाही तो माझ्या टेबलावरून जात नाही."

हे मी ठणकावून सांगितलं, पण ते खरं नव्हतं. सवलत घेतलीच पाहिजे अशी कुणावर सक्ती नाही. एकसष्टवाला अर्ज मी मुकाट पाठवू शकत होते. ती उठली, "मग राहू द्या," म्हणाली आणि जिना चढून गेली. तिच्या बुटांचं पाणी खुर्चीखाली साचलं होतं.

रोलंड ट्रेम्ब्ले शेजारच्या टेबलावरून ऐकत होता. रोलंड शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा, आता माझे अर्ज तपासतो. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कुठलाही अर्ज जात नाही, असा इथला कायदा आहे. त्याला आकडे कळतात, विनोद कळत नाहीत, पण करायची हौस दांडगी.

"वर्ना," तो म्हणाला, "गिऱ्हाइकाला पळवून लावायचा पगार मिळतो का गं तुला?"

"पगार नाहीच मिळत. म्हणून तर पळवते."

"पोरीला साठ डॉलर तरी मिळाले असते."

"एकसष्ट."

"तेच ते. आणि एक सांगू? एकोणीस तासांचे बारा महिने कसे होतात हे माझ्या डोक्यात शिरत नाही. मोजमाप म्हणजे मोजमाप. फळी दोन फूट असेल तर ती दोन फूटच."

"तू फळ्याच मोज," मी म्हटलं आणि पुढच्या नंबराला हाक मारली.

पण त्या संध्याकाळी घरी सूप गरम करताना रोलंडचंच म्हणणं डोक्यात घोळत राहिलं. मी कशासाठी हट्ट धरला होता? तिच्यासाठी की माझ्यासाठी? माझा वेन नोव्हेंबरच्या नऊ तारखेला गेला. त्या वर्षीच्या अर्जावर मात्र आम्ही नवरा-बायकोच होतो, कारण आयकर खात्याच्या लेखी लग्न एकतीस डिसेंबरपर्यंत चालतं. मी दोघांचाही अर्ज भरला, दोघांच्याही नावानं. त्याच्या सहीच्या जागी काय लिहायचं तेही मला पाठ होतं. ते सात आठवडे मला सरकारनं फुकट दिले असं तेव्हा वाटलं. पुढच्या फेब्रुवारीत 'एकटी' या चौकटीवर खूण करायची पाळी आली. रोलंडनं तपासताना नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं, "एकटी, बरोबर?" मी म्हटलं, "दिसत नाही का?" तो बिचारा पुढच्या ओळीकडे वळला.

तर तसे ते सात आठवडे त्या पोरीलाही मिळावेत असं मला वाटत होतं. आणि ते मिळवून द्यायच्या नादात मी तिला रिकाम्या हातानं घालवून दिलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, त्यातली गत.

लोकांना घरून फोन करायची आम्हाला मुभा नाही. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं, अशी शपथ घ्यावी लागते. म्हणून मी काय केलं, तर वृद्धाश्रमात माझी गिरणीतली जुनी सोबतीण असते, तिला भेटायला गेले. चार वर्षांत एकदाही गेले नव्हते. तिनं मला ओळखलं नाही. दुपारचं जेवण ताटलीत आलं, बटाटे, गाजरं आणि कुस्करलेलं मांस. ताटली घेऊन आली ती दुसरीच कुणी. स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापलीकडे भांडी वाजत होती. मी दाराकडे बघत तासभर बसले आणि उठून आले.

मार्च गेला. रांग रोडावली. दर वेळी जिन्यावर उंच बूट दिसले की मी चष्मा सारखा करायची आणि दर वेळी दुसरंच कुणी निघायचं. रोलंडच्या ते लक्षात आलं होतं. त्यानं त्यावर एकही विनोद केला नाही, त्यावरून मी किती केविलवाणी दिसत असेन ते मला कळलं.

एप्रिलच्या दहा तारखेला, आम्ही दिवे मालवायच्या बेतात असताना, ब्रेना आली. बसली. पिशवीतून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला.

"जन्माचा दाखला आहे," ती म्हणाली. "मृत्यूचा नाही आणला. दोन्ही लागत असतील तर माझ्याच्यानं होणार नाही."

"एकच पुरे. कुठून आणलास?"

"जिथं दवाखाना आहे तिथल्या कचेरीतून. दीड तास जायला, दीड तास यायला. दोनदा गेले. पहिल्यांदा नुसती गाडीत बसून परत आले." तिनं नाक पुसलं. "दुसऱ्यांदा आत गेले. खिडकीत एक गुबगुबीत बाई होती, कानात मोठाले डूल. तिनं दाखला छापला, नाव वाचलं आणि म्हणाली, अय्या, सिल्वी! किती गोड नाव! अभिनंदन हं!"

मी लिफाफ्यातून दाखला बाहेर काढला.

"मी तिला खरं सांगायला पाहिजे होतं, नाही का, मिसेस लाहती? पण मी थँक्यू म्हटलं. ती म्हणाली, रात्री झोपू देते का? मी म्हटलं, हो, शांत आहे फार. मग त्याच खिडकीत दुसरा दाखला कसा मागणार? बाहेर येऊन गाडीत बसले आणि रडले. पण वाईट वाटून नाही. माझं अभिनंदन कुणी केलंच नव्हतं हो. इतक्या महिन्यांत एकानंही नाही."

रोलंड कोट अंगात चढवत होता. तो तसाच, एक बाही घालून, उभा राहिला.

"अर्ज भरायचा का?" मी विचारलं. "की अजून एकसष्टच? एकसष्टचाही मी पाठवीन. त्या दिवशी नाही म्हटलं ते चुकलं माझं. सक्ती नसते."

"हे कागद जातात कुठं?"

"लांब, पश्चिमेला. आयकर खात्याची मोठी कचेरी आहे तिथं. इतरांचे अर्ज मशीनवरून जातात. तुझा मात्र टपालानं जाईल, कारण नंबर नाही आणि दाखला जोडायचाय."

"तिथं मशीन उघडतं का लिफाफा?"

"नाही. टपालानं आलेला माणूसच उघडतो."

"म्हणजे कुणीतरी माणूस तिचं नाव वाचेल."

"वाचावंच लागेल त्याला."

तिनं थोडा विचार केला. "मग भरा," म्हणाली.

मी भरला. 'अविवाहित' पुसून 'कुटुंबप्रमुख' केलं, कारण मूल असलं की एकट्या आईला तो मान मिळतो. ब्रेना पहिल्यांदाच हसली. "कुटुंबप्रमुख? एका खोलीची?"

"खोल्या नाही, माणसं मोजतात."

अर्ज छापून आला. मुलीच्या नावापुढं नंबराची चौकट रिकामी होती. नंबर नसेल तर तिथं हातानं एक शब्द लिहावा लागतो, मूल वारलं असा. मी पेन तिच्यापुढं केलं. तिनं ते घेतलं, चौकटीवर धरलं आणि तसंच परत माझ्या हातात दिलं.

"नाव मी कुठंही लिहीन," ती म्हणाली. "हे तुम्ही लिहा."

मी लिहिलं. माझं अक्षर एरवी ठसठशीत आहे, गिरणीत सगळे नावाजायचे. तो शब्द मात्र मी बारीक लिहिला, नावापासून जरा लांब, चौकटीच्या पार कडेला.

मग रोलंड कोट काढून बसला. तपासणी त्याची. गिऱ्हाइकासमोर सगळं मोठ्यानं वाचायचं आणि बरोबर आहे का असं विचारायचं, असा नियम. मला वाटलं, आता हा फळी मोजणार. मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता.

"ब्रेना हेक्कला," त्यानं वाचलं. "कुटुंबप्रमुख. मूल, एक. नाव सिल्वी मरी हेक्कला. नातं, मुलगी." त्यानं चष्मा वर केला, परत खाली केला. "आईजवळ राहिली, बारा महिने. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," ब्रेना म्हणाली.

"पूर्ण बारा," रोलंड म्हणाला आणि खाली सही केली. सही करताना त्याचा हात टेबलावर जड पडला.

दाखल्याची प्रत जोडून लिफाफा बंद केला. तो टपालात तिचा तिनंच टाकायचा असतो. ती जिना चढून गेली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. पैसे आले की नाही ते आम्हाला कळत नाही. लोक परत येत नाहीत तोवर काहीच कळत नाही, आणि येतात ते थेट पुढच्या वर्षी.

उन्हाळा कसा गेला ते विचारू नका. मी कुंपण रंगवलं. ऑगस्टमध्ये एक दिवस मला सिल्वीची आठवण झाली, जन्मतारीख माझ्याच हातानं मशीनमध्ये घातली होती ना! कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. कुणाशी बोलणार? शपथ घेतलेली. वेनला सांगितलं असतं, त्याच्यापाशी मी शपथ मोडत असे. त्या दिवशी मी भूक नसताना बाजारातून दोन पास्ट्या, मांस-बटाटा भरलेल्या इथल्या मोठ्या करंज्या, आणल्या. त्यातली एक दुसऱ्या दिवशी खाल्ली.

यंदा फेब्रुवारीच्या दुसऱ्याच मंगळवारी ब्रेना आली. खांदे जरा वर आले होते. केस कापले होते. जिन्यावरूनच तिनं हात केला. मला इतका आनंद झाला की मी रांगेतल्या दोघांना मागे ठेवून तिला पुढे बोलावलं. ते दोघे कुरकुरले, कुरकुरू देत.

"आले पैसे," बसता बसता ती म्हणाली. "जूनमध्ये. त्यातून दगड घेतला तिच्यासाठी. काळा, छोटासा, नाव कोरून. उरले त्यात चार टायर आणि दातांचं बिल."

"छान केलंस."

"आता स्वयंपाकघरात मुख्य झालेय मी. तासाला दोन डॉलर वाढले."

"मग ते मांस तेवढं नीट शिजवत जा. मागल्या वर्षी बघितलंय मी ते."

ती हसली. मीही हसले. त्या हसण्याच्या भरात मी पुढचं काही ध्यानात न घेता तिचं नाव मशीनमध्ये घातलं आणि नेहमीप्रमाणे पडदा तिच्याकडे वळवला. आता सांगते ते मला ठाऊक असायला हवं होतं, इतक्या वर्षांची सवय होती. मशीन मागल्या वर्षीची सगळी माहिती स्वतःहून पुढे आणतं. पत्ता, नोकरी, घरातली माणसं. टपालानं गेलेल्या अर्जाचंसुद्धा. आणि मुलांची वयं स्वतःच वाढवतं.

पडद्यावर आलं होतं: सिल्वी मरी हेक्कला. मुलगी. वय एक वर्ष.

 कागदावर हातानं लिहिलेला तो शब्द मशीनला माहीतच नव्हता. ती यायच्या आधी मला ती ओळ काढून ठेवता आली असती, एक कळ दाबायची होती. मी हात पुढे केला.

"थांबा," ब्रेना म्हणाली.

ती पडद्याच्या जवळ वाकली. वाचायला वेळ लागण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"एक वर्षाची," ती म्हणाली. "चालायला लागली असती."

"काढावं लागेल गं," मी म्हटलं. "नियम त्याच एका वर्षापुरता असतो. यंदाच्या अर्जात नाही धरता येत. मी आधीच बघायला हवं होतं, माफ कर मला."

"काढा ना. मी कुठं नाही म्हणतेय? यंदाच्या अर्जात ती खरंच नाही." तिनं हात मांडीवर घेतले. "फक्त जरा वेळ राहू दे."

मी माझा हात मागे घेतला. रोलंडनं पुढचा नंबर पुकारायला तोंड उघडलं होतं, माझ्याकडे बघून मिटलं. रांगेत कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणीतरी बूट आपटले. आमचं मशीन जुनं आहे. कुणी हात लावला नाही तर थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा होतो. तो काळवंडायला लागला की मी माउस हलकेच ढकलायची आणि नाव परत उजळायचं. असं मी किती वेळा केलं ते मोजलं नाही.